रुमालाखालचा चेहरा

आण्णांनी माझ्या टेबलावर सात आया मांडल्या.

सातही चित्रं एकाच मापाची, चकचकीत कागदावर छापलेली, आणि सातही बाया वेगवेगळ्या. एकीचं नाक सरळ, दुसरीचं बसकं. एक गोरीपान, एक सावळी. हसत मात्र सगळ्या सारख्याच होत्या, टूथपेस्टच्या जाहिरातीत हसतात तशा.

"यातली तुमची आई कुठली?" मी विचारलं.

"तेच तर," आण्णा म्हणाले. "मला वाटलं, तू सांगशील."

मी जुई वाघमोडे. नववी ब, सांगली. ऑर्डरप्रमाणे चित्रं काढून देते. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "यस सर" म्हणतानाही माझा आवाज बसायचा. मग आमच्या विज्ञानाच्या नदाफ सरांच्या मांजरीचं चित्र मी काढलं, सरांनी ते प्रयोगशाळेच्या दारावर लावलं, आणि पंधरा दिवसांत माझ्याकडे चार कुत्री, दोन बैल, एक लग्नपत्रिका आणि सलूनची एक पाटी अशी रांग लागली. आता मी अनोळखी माणसांशी फोनवर धडाधड बोलते. आई म्हणते, फारच.

ऑर्डरची रीत सोपी आहे. तुम्ही येता, काय हवं ते सांगता. मी खोदून खोदून विचारते आणि सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड करते, कारण लोक काय बोलले ते विसरतात आणि मीही विसरते. मग पेन्सिलचं कच्चं चित्र दाखवते. तुम्ही म्हणता, कान मोठा झाला, शेपूट वाकडी हवी. मी बदलते. मग रंग.

पट्टा आल्यावर सगळ्यांना वाटलं होतं की ही रीत संपली.

पट्ट्याबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ त्यानंच केला. म्हणजे अर्धा त्यानं. अर्धा मी. डोळ्यांनी काही बघितलं की मेंदूच्या मागच्या भागातल्या, साधारण वेणी सुरू होते तिथल्या, पेशी कामाला लागतात. डोळे मिटून तीच गोष्ट नुसती आठवली तरी बहुतेक त्याच पेशी जाग्या होतात, फक्त हळू आवाजात. डोक्याला बांधायचा पट्टा कवटीतून बारीक किरण आत सोडतो, कुठे रक्त जास्त धावतंय ते मोजतो, आणि त्यावरून तुमच्या मनात काय दिसतंय याचा अंदाज बांधून चित्र छापतो. दहा मिनिटांत. चित्रकाराला समजावून सांगण्याची कटकट नाही.

पण गंमत बघा. तुमच्या शाळेचं गेट डोळ्यांसमोर आणा. आलं? आता त्याचे गज मोजा.

नाही ना मोजता येत? कारण तुमच्या मनानं गज काढलेलेच नसतात. मन "गेट" एवढं म्हणून पुढे जातं. पट्ट्याला मात्र काहीतरी छापावं लागतं, म्हणून तो रिकाम्या जागा लाखो फोटोंच्या सरासरीनं भरतो. त्यामुळे पट्ट्यातून येणारी सगळी माणसं एकमेकांची मावसभावंडं वाटतात. काही महिन्यांतच लोकांना त्याचा कंटाळा आला, आणि पट्ट्याचा कागद घेऊन लोक माझ्याकडे यायला लागले. म्हणायचे, यात जरा जीव घाल.

तसेच आण्णा आले. भूपाल चौगुले, वय पंचाहत्तर. सगळी हयात मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात गेलेली. सोबत त्यांची मुलगी पद्माताई. आण्णांची आई ते सहा वर्षांचे असताना गेली. तिचा एकच फोटो होता, तोही पुराच्या पाण्यात लगदा झाला. पंचाहत्तरीच्या वाढदिवसाला पद्माताईंनी त्यांना पट्ट्याच्या दुकानात नेलं. पहिलं चित्र बघून आण्णा म्हणाले, थोडी तशीच हाय, पण नव्हं. मग पुन्हा गेले. मग पुन्हा. असं सात वेळा.

"शेवटचं बघून तर आण्णा दोन दिवस जेवलेच नाहीत," पद्माताई म्हणाल्या.

"पोट बिघडलं हुतं," आण्णा म्हणाले.

मी तासभर विचारलं. आण्णांनी सांगितलं की आई उंच होती, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, कानात बुगडी होती, आवाज मोठा होता. मी मान डोलावत राहिले आणि मनात रंग कालवायलाही लागले होते.

आणि मग मी माती खाल्ली. पेन्सिलचं कच्चं चित्र दाखवायचं सोडून मी एका रात्रीत सगळं चित्र रंगवलं. मला आण्णांना थक्क करायचं होतं. सातही कागद समोर ठेवून प्रत्येकीतलं चांगलं ते उचललं, हिरवं लुगडं, मागे हळदीचं पिवळंधमक शेत. सकाळी फोनवर त्याचा फोटो पाठवून दिला.

दहा मिनिटांत पद्माताईंचा फोन. "बोलेचनात गं. नुसते बघत बसलेत. म्हणतात, हीच."

"काही बदल?"

"एकही नाही."

एकही बदल नाही! मी त्या दिवशी शाळेत जमिनीपासून वीतभर वर चालत होते. भूगोलाच्या तासाला तीनदा हात वर केला, त्यातली दोन उत्तरं चूक होती, तरी फरक पडला नाही.

रविवारी चित्राला शेवटचा हात द्यायचा होता. लुगड्याचा काठ कसा होता ते ऐकायला मी रेकॉर्डिंग लावलं आणि त्यात आण्णा म्हणाले, "हनुवटीवर तीन ठिपके. गोंदलेलं."

मी चित्र बघितलं. हनुवटी कोरी. साफ विसरले होते.

लगेच फोन लावला. "आण्णा, ते गोंदण राहिलंय बघा. घालून देते."

"कसलं गोंदण?"

"आईंच्या हनुवटीवरचं."

"न्हाई बाई," आण्णा ठामपणे म्हणाले. "आईला गोंदण नव्हतं. तू काढलीस तश्शीच हुती."

रेकॉर्डिंगमधला त्यांचा आवाजही इतकाच ठाम होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले. नदाफ सर परीक्षानळ्या विसळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, वाघमोडे," ते म्हणाले. "कणकेचा गोळा समज. ती आठवली की मऊ पडते. मऊ असताना जे काही तिला लागतं त्याचे ठसे उमटतात. मग काही तासांनी ती पुन्हा घट्ट होते, ठशांसकट. आण्णांनी आई आठवली, लगेच समोर पट्ट्याचं चित्र आलं. ठसा. असं सात वेळा. आठव्यांदा तू. आणि तुझं चित्र त्या सातांपेक्षा चांगलं होतं."

"म्हणजे चांगलं काढलं म्हणून जास्त वाईट झालं?"

"अगदी."

"मग मूळची आई गेली, सर?"

सरांनी हात पुसले. "तसं ठामपणे नाही सांगता येत. पुष्कळदा जुनं खाली असतं. हाताला आधी वरचं लागतं, एवढंच. पण तू आता दुरुस्त करून दुसरा चेहरा दाखवलास, तर आणखी एक थर चढेल."

"दाखवल्याशिवाय दुरुस्त कसं करायचं?"

"ते चित्रकारानं बघावं," सर म्हणाले. "मी विज्ञान शिकवतो."

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "त्यांना पसंत पडलंय ना?" ती म्हणाली. "मग कशाला उकरतेस? म्हातारा माणूस सुखात आहे. गप बस की."

खरं सांगू, मी दोन दिवस गप्प बसले. कुणालाच कळलं नसतं. चूक फक्त मला दिसत होती, ज्यांचं नुकसान झालं त्यांना ती दिसतही नव्हती. पण चित्र काढायला बसले की माझ्या कुत्र्या-बैलांना सगळ्यांना कोऱ्या हनुवट्या दिसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मी सायकल काढली.

आण्णांच्या हॉलमध्ये माझं चित्र, मी पाठवलेल्या फोटोवरून छापून, फ्रेम करून लावलेलं होतं. वर हार. पद्माताईंनी मला खारे शेंगदाणे दिले. मी ते हातात धरूनच सगळं सांगितलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

तीन ठिपके, रेकॉर्डिंगमधले आण्णा म्हणाले. गोंदलेलं.

"तुला कुणी विचारलं होतं का?" पद्माताई माझ्यावर तडकल्या. "समाधानात होते ते. आता काय देणार आहेस त्यांना, हे रेकॉर्डिंग?"

"थांब पद्मा." आण्णांनी पुन्हा ऐकलं. मग भिंतीकडे बघितलं. "मग ही कोण?"

"माझ्या मनातली बाई," मी म्हटलं. "मी सात कागदांवरून जुळवली."

"आणि आई?"

आण्णांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले आणि उघडले. "हीच येती," ते चित्राकडे बोट करून म्हणाले. "दुसरं काय न्हाईच येत. दोनदा मेली म्हण की माझी आई."

ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की शेंगदाणे माझ्या मुठीत ओले झाले. पद्माताई उठल्या, फ्रेम उतरवली, सातही कागद गोळा केले आणि सगळं चादरीत बांधून माळ्यावर टाकलं. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

तरी मी जात राहिले. क्लास सुटला की रोज अर्धा तास. सर म्हणाले होते की काही दिवस त्यांना आईचा कुठलाच चेहरा दाखवू नकोस, आठवायचा आग्रहही करू नकोस. म्हणून आम्ही दुसरंच काहीतरी बोलायचो. आण्णा हळदीचं सांगायचे. हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघायचा आणि मोडतानाचा आवाज ऐकायचा. चांगली वाळलेली असेल तर टक्कन मोडते.

"आणि भाव?" मी एकदा विचारलं.

"भाव रुमालाखाली. आता सगळं स्क्रीनवर लिलाव करतात. आमच्या उमेदीत घेणारा आणि अडत्या हातावर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं दाबायचे. दोन बोटं धरली तर दोन, सगळा पंजा तर पाच. भोवती शंभर माणसं, पण कुणाला काय कळायचं न्हाई. हात आण इकडं."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि माझी तीन बोटं दाबली. त्यांचा हात कोरडा आणि खरखरीत होता.

"बघितल्याशिवाय कसं कळायचं?"

"बघून माणूस फसतो," आण्णा म्हणाले. "हात न्हाई फसत. रुमालाखाली हात आला की कुणाचा ते मी सांगायचो. बोलायच्या आधी."

मी टॉवेलकडे बघत बसले. मग एकदम विचारलं, "आण्णा, लहानपणी आईच्या तोंडावरून हात फिरवायचात?"

"फिरवायचो म्हणजे? कानाची पाळी धरल्याशिवाय झोपायचो न्हाई मी. मार खायचो त्यासाठी."

मी सायकल थेट शाळेत नेली. नदाफ सर स्कूटर काढत होते. मी धापा टाकत विचारलं, स्पर्शाची आठवण आणि डोळ्यांची आठवण एकाच जागी असते का? सर म्हणाले, वेगवेगळ्या जागी, पण आतून वाटा असतात. एकीकडून दुसरीकडे जाता येतं. आणि पट्ट्यानं स्पर्शाला हातसुद्धा लावलेला नाही. मग त्यांनी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली आणि म्हणाले, "कच्चं चित्र त्यांना हातानं दाखवायचं म्हणतेस?"

तेच म्हणत होते मी.

गणपतीच्या कारखान्यातून शाडूची माती आणली. साधारण बाईचं डोकं केलं, अगदी बिनचेहऱ्याचं म्हणावं असं. ते आण्णांच्या मांडीवर ठेवलं आणि वर टॉवेल टाकला. मी समोर बसून टॉवेलच्या दुसऱ्या बाजूनं हात आत घातले. खुणा ठरवल्या. आण्णांनी माझं एक बोट दाबलं तर माती कमी कर, दोन दाबली तर वाढव, पंजा धरला तर बरोबर. बोलायचं नाही, कारण बोललं की मन चित्र काढायला घाई करतं. हे सरांचं नव्हे, माझं मत.

पहिल्या दिवशी आण्णांनी चाचपलं आणि नियम मोडला. "ह्यो बटाटा हाय."

पद्माताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हसायचं नाही असं ठरवून उभ्या होत्या, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी गालांची हाडं वर गेली. तिसऱ्या दिवशी कानावर पाऊण तास गेला. एक बोट, एक बोट, दोन, एक. पाळी जाड हवी होती आणि बुगडीच्या वजनानं वरची कड जरा ओघळलेली. शेवटी आण्णांनी माझा पंजा इतका घट्ट धरला की बोटं दुखली. चौथ्या दिवशी सगळं बिघडलं. हात फिरवता फिरवता ते थांबले आणि म्हणाले, "ती हिरव्या लुगड्याची आली बघ पुन्हा मधीच." आम्ही डोकं फडक्यात गुंडाळलं आणि दोन दिवस हात लावला नाही. ते दोन दिवस मी घरी कुणाशी धड बोलले नाही. आईनं विचारलं, ताप आहे का.

सातव्या दिवशी आण्णांचा अंगठा हनुवटीवर थांबला. तिथे मातीत काहीच नव्हतं. अंगठा त्यांनी तिथे तीनदा टेकवला, एकामागोमाग एक, एका ओळीत.

"हितं गोंदलेलं हुतं गं," ते म्हणाले. "मी बोटानं मोजायचो. मला तीनपर्यंतच यायचं."

मी पद्माताईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. गोंदणाचं नाव आम्ही त्या दिवसानंतर एकदाही काढलं नव्हतं. पण मला अजून खात्री वाटेना. रेकॉर्डिंग त्यांनी ऐकलं होतं. तिथूनही ते आलेलं असू शकत होतं.

मग नवव्या दिवशी डोळ्यांपाशी आलो. उजवा लगेच बरोबर झाला. डाव्यावर मात्र आण्णा दोन बोटं, दोन बोटं, दोन बोटं दाबत राहिले. मी माती वाढवत गेले. पापणी खाली आली. आणखी दोन बोटं. डोळा अर्धा मिटला. मी मनात म्हटलं, आता हे चुकतंय, असा डोळा कुणाचा असतो. आणि आण्णांनी पंजा धरला.

"ह्यो असाच," ते म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे बंद होते. "हळद शिजवायची काहिल असायची. खाली पाचट घालायची ती. धूर तिच्याच अंगावर यायचा. ह्यो डोळा झाकून, दुसऱ्यानं बघायची. मला म्हणायची, सरक लांब, भाजशील. तवा मी तिच्या पाठीमागं बसायचो, पदर धरून." ते थांबले. "दिसती. पद्मा, दिसती गं. हिरवं लुगडं न्हाईच. मळकं हाय. तोंडावर काजळी हाय."

अर्धा मिटलेला डोळा त्या सात कागदांपैकी एकावरही नव्हता. माझ्या चित्रातही नव्हता, रेकॉर्डिंगमध्येही नव्हता. सरासरीत तो कधी येणारच नाही, कारण सरासरी बाई दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढून घेते. तो फक्त आण्णांच्या आत होता.

मी टॉवेलखालून हात काढले. मातीनं बरबटलेले होते, त्याच हातांनी मी डोळे पुसले, आणि पद्माताई मला ओढत मोरीकडे घेऊन गेल्या. माझं तोंड धुताना त्या म्हणाल्या, "त्या दिवशी फार बोलले मी तुला." मी म्हटलं, "बरोबरच बोललात." त्या म्हणाल्या, "ते आहेच," आणि नाकाला साबण लावला.

आता चित्र राहिलं होतं. त्या रात्री मी झोपले, शहाण्यासारखी. आठवडाभर, दिवसा, उजेडात, मातीचं डोकं खिडकीशी ठेवून पेन्सिलनं काढलं. रंग नाही. नदाफ सरांनी आधीच बजावलं होतं, "आता जे दाखवशील ते बसेल, वाघमोडे." मी आण्णांना तसंच सांगितलं. चित्र बघितलंत तर त्याचाही ठसा उमटणार. न बघता नुसतं आठवणीत ठेवायचं असेल तर तेही चालेल. ऑर्डर पूर्ण झाली असं समजू.

आण्णांनी एक दिवस विचार केला. मग पद्माताईंकडून निरोप आला. माझ्या माघारी नातवंडांनी कुणाला बघायचं? आण म्हणावं.

रविवारी सकाळी मी वर्तमानपत्रात झाकलेलं चित्र घेऊन गेले. पद्माताईंनी खुर्ची खिडकीपाशी ठेवली. मी कागद काढला, चित्र आण्णांच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. त्या पहिल्या वेळी ते नुसते बघत बसले होते. एकही बदल सांगितला नव्हता. मला तेव्हा तो विजय वाटला होता. आता मला कळत होतं की ज्याच्या मनात स्वतःचं काही उरलेलं नाही तोच एकही बदल सांगत नाही.

आण्णा बघत राहिले. पंख्याचा आवाज येत होता. मी श्वास धरून मोजत होते आणि मला तीनच्या पुढे जाता येत नव्हतं.

"डोळा बरोबर हाय," शेवटी ते म्हणाले.

मी वाट बघितली.

"पण हे कपाळ काय असलं मोकळं? उन्हात काम करणारी बाई ती. पदर हितपर्यंत असायचा." त्यांनी बोटानं कपाळाच्या मध्यावर रेघ मारली. "आणि ओठ असलं न्हाईत. हे शांत बसल्यागत झालंत. ती आत्ता ओरडणार हाय माझ्यावर. ओरडायच्या आधी ओठ असं आवळायची, बघ. असं. आणि ही बट कुठनं आणलीस? बटबिट काय नव्हती तिला."

"अजून?" मी विचारलं.

"अजून लई हाय. मान चुकलीया."

पद्माताई हसायला लागल्या. हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसल्या. "आण्णा, पोरीला जरा दम तरी खाऊ द्या. आत्ता आलीय ती."

"खाईल की दम," आण्णा म्हणाले. त्यांनी खुर्ची माझ्या जवळ सरकवली, चष्मा नाकावर पुढे घेतला आणि चित्रावर वाकले. "आधी पदर पुढं घे म्हणावं. ऊन लागतंय तिला."

मी दप्तरातून खोडरबर काढलं, कपाळाच्या रेघा पुसल्या आणि पदर पुढे ओढला.